आईची लूना आणि बायकोची मोटरसायकल

गेल्या नोव्हेंबरमधली गोष्ट. दुबईतला उन्हाळा एकदाचा संपला होता, बाल्कनीचं दार उघडं ठेवायचे दिवस आले होते. शुक्रवारी रात्री जेवणं आटोपून आम्ही दोघं बाहेर बसलो होतो. खाली सिग्नलला नेहमीप्रमाणे डिलिव्हरीवाल्यांच्या आठ-दहा बाइक उभ्या होत्या आणि त्यांच्यामध्ये एक भली मोठी टूरिंग मोटरसायकल. सिग्नल हिरवा झाला, हेल्मेटखालून एक लांब वेणी उडाली आणि ती गाडी सगळ्यांच्या पुढे निघून गेली. बायको थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "अरे, मला मोटरसायकल शिकायची आहे."

माझी बायको गिरगावातली. लोकलचा लेडीज डबा प्लॅटफॉर्मवर नेमका कुठे येतो हे ती झोपेतही सांगेल, पण दुचाकीशी तिचा संबंध शून्य. सायकलसुद्धा फक्त मे महिन्याच्या सुट्टीत मामाच्या गावी चालवलेली. मी पुण्याचा. पुण्याचं मूल चालायला आणि गाडी चालवायला साधारण एकदमच शिकतं, असं म्हणतात. त्यामुळे या विषयातला तज्ज्ञ मीच, हे मी गृहीतच धरलं. कुठलाही आयटी कन्सल्टंट जे करेल तेच मीही केलं. एक्सेल शीट उघडली. इंजिन, पॉवर, मायलेज, रीसेल व्हॅल्यू, सगळे कॉलम भरले, त्यांना वेटेज दिलं, आणि महिन्याभरात एक सेकंडहँड गाडी मुल्कियासकट घरी आणली. उंच, ऐटबाज, दोनशे किलोंच्या वरची.

लायसन्स व्हायचं होतं, म्हणून बेसमेंट पार्किंगमध्ये नुसती बसून बघायचं ठरलं. ती बसली. स्टँड काढला. पाय टेकायला गेली तर बुटाचं टोक जेमतेम लागलं. गाडी डावीकडे कलली, आणि दोनशे किलो एकदा कलले की ते कुणाचं ऐकत नाहीत. वेग शून्य, इंजिन बंद, आणि तरी घोटा तीन आठवडे सुजलेला. नातूर धावत आला, आम्ही तिघांनी मिळून गाडी उचलली. वर आल्यावर बर्फाची पिशवी धरून ती शांतपणे म्हणाली, "ही गाडी तू माझ्यासाठी घेतलीस की तुझ्यासाठी?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या शीटमध्ये तिची उंची कुठल्याच कॉलममध्ये नव्हती.

रविवारी पुण्याला फोन केला तेव्हा ही हकीकत आईच्या कानावर गेली. मला वाटलं, ती म्हणेल, कशाला नसते उद्योग. आई हसली. "अरे, तुझ्या बाबांनी अगदी हेच केलं होतं. मला चेतक शिकवायला निघाले होते! दोनदा पडले मी मैदानावर. मग शाळेच्या पतपेढीतून कर्ज काढलं आणि सरळ लूना घेऊन आले. बाबांना दारात उभी केल्यावर कळलं."

ही गोष्ट मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. लूना माहीत होती, तिच्या पुढे उभा राहून मी बालवाडीत गेलोय. पण ती घरात कशी आली, हे मी कधी विचारलंच नव्हतं. त्यानंतर मात्र मी नाद लागल्यासारखा वाचत सुटलो, आईला, मावशीला, सासूबाईंना प्रश्न विचारत सुटलो. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढे मांडतो आहे. कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एखादी लूना, एखादी सनी, नाहीतर एखादी कायनेटिक होतीच.

आधी रस्ता, मग गाडी

बाईने गाडी चालवायच्या आधी तिला रस्त्यावर नुसतं चालता यायला हवं. तेही कठीण होतं. आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेला जाण्यापूर्वी १८८३ साली बंगालमधल्या सेरामपूरला जे भाषण केलं, त्यात पायी फिरायला निघाल्यावर लोक कसे जमतात, टिंगल करतात, याचे अनुभव त्यांनी सांगितले होते. डॉक्टर होण्यासाठी समुद्र ओलांडणाऱ्या बाईची ही अवस्था, तर बाकीच्यांची काय कथा!

पुढे सायकल आली. पुणे तर 'सायकलींचं शहर' म्हणूनच ओळखलं जायचं. तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकानं पेठापेठांत होती. 'लेडीज सायकल' म्हणजे मधला आडवा दांडा काढलेली आणि मागच्या चाकावर जाळी बसवलेली. हा दांडा आणि ही जाळी लक्षात ठेवा. बायकांच्या दुचाकीचा पुढचा सगळा इतिहास याच दोन गोष्टींभोवती फिरतो.

कारण प्रश्न धाडसाचा नव्हता, कपड्यांचा होता. काष्ट्याची नऊवारी नेसून घोड्यावरही बसता येतं. पण दुचाकी घरोघरी येईपर्यंत नोकरी करणारी मराठी बाई सहावारीत आली होती. सहावारीत पाय दोन्ही बाजूंना टाकून बसणं अवघड, म्हणजे समोर मोकळी जागा असलेलं वाहन हवं.

तिकडे पाश्चात्त्य देशांतही वेगळं काही नव्हतं. १९१६ साली ऑगस्टा आणि अ‍ॅडेलिन व्हॅन ब्युरेन या दोन बहिणींनी 'इंडियन' कंपनीच्या मोटरसायकलींवरून अख्खी अमेरिका पार केली. लष्करात निरोप्याचं काम बायकाही करू शकतात हे त्यांना सिद्ध करायचं होतं. वाटेत त्यांना पोलिसांनी पकडलं ते वेगासाठी नाही, तर पुरुषी कपडे घातले म्हणून! आणि एवढं करूनही लष्कराने त्यांना घेतलं नाहीच. १९३४-३५ साली थेरेसा वॉलक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन या दोघींनी ६०० सीसीच्या पँथरला साइडकार जोडून लंडन ते केपटाउन प्रवास केला, सहारा वाळवंट ओलांडून. आपण इथे डेझर्ट सफारीला एसी गाडीतून जातो आणि वाळू बुटात गेली म्हणून कुरकुरतो, तेव्हा मला आता या दोघी आठवतात.

चेतकची रांग आणि मागची सीट

१९४६ साली इटलीत पिआजिओ कंपनीने व्हेस्पा आणली. तिचा रचनाकार कोरादिनो दास्कानिओ हा मूळचा विमानांचा इंजिनिअर, आणि त्याला मोटरसायकल अजिबात आवडत नसे. चेनचं तेल कपड्यांना लागतं, पाय टाकून चढावं लागतं, चाक पंक्चर झालं की हाल. म्हणून त्याने इंजिन झाकून टाकलं, पायांसमोर मोकळी जागा ठेवली आणि गिअर हातात आणले. स्कर्ट घातलेल्या बाईला चालवता येईल अशी ही गाडी होती.

तीच गाडी लायसन्सखाली भारतात आली ती बजाजच्या आकुर्डीच्या कारखान्यात, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला. १९७१ मध्ये पिआजिओबरोबरचा करार संपला आणि १९७२ मध्ये बजाजने स्वतःच्या नावाने चेतक आणली. पुढचं आपल्या सगळ्यांना पाठ आहे. परवाना-राज्यात किती गाड्या काढायच्या हे सरकार ठरवणार, मागणी त्याच्या कितीतरी पट, त्यामुळे बुकिंग केल्यावर आठ-दहा वर्षं थांबायचं. मुलगा कॉलेजात गेला की बुक करायची, म्हणजे त्याच्या लग्नापर्यंत मिळते, असा हिशेब. परकीय चलनात पैसे भरले तर मात्र ही रांग चुकवता येत असे. म्हणजे गल्फमधला मामा किंवा काका ही त्या काळी किती मोलाची वस्तू होती बघा!

हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. पण लग्नाच्या बैठकीत 'मुलाला स्कूटर' हे शब्द त्यानंतरही बरीच वर्षं ऐकू येत होते. म्हणजे मुलीच्या बापाने पैसे भरायचे, गाडी जावयाच्या नावावर, आणि मुलीने मागे बसायचं. तेही एका बाजूला दोन्ही पाय घेऊन, एका हाताने पदर, दुसऱ्याने मूल, आणि पुढे उभं दुसरं मूल. बाईला चालवता यावी म्हणून जी गाडी बनली, तिच्यावर आपण बाईला मागे बसवलं.

मागे बसणाऱ्या बाईची सरकारने मात्र रीतसर दखल घेतली आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो की, मोटरसायकलवर मागच्या माणसाला धरायला आधार हवा, पाय ठेवायला जागा हवी, आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग असा झाकलेला हवा की बसणाऱ्याचे कपडे त्यात अडकू नयेत. हाच आपला 'साडी गार्ड'. साडी चाकात अडकून झालेल्या अपघातांची भीती कोणत्या मराठी घराने अनुभवली नाही? हा नियम चांगलाच आहे. पण या कलमातली बाई मागच्याच सीटवर बसलेली आहे.

आईला चेतक का जमली नाही, हेही मला आता कळलं. चेतकचं इंजिन उजव्या बाजूला, त्यामुळे गाडीचा तोल मुळातच एकीकडे. डाव्या हाताने क्लच दाबून तीच मूठ फिरवायची म्हणजे गिअर पडणार, उजव्या हाताने अ‍ॅक्सिलरेटर, उजव्या पायाने ब्रेक. वजन शंभर किलोंच्या वर. सुरू झाली नाही तर आडवी करून, परत उभी करून, किक मारत बसायचं. बाबांना वाटलं, हिला जमत नाही. खरं तर गाडीच्या मांडणीत आईचा विचारच नव्हता.

पन्नास सीसीची क्रांती

ज्या १९७२ मध्ये चेतक आली, त्याच वर्षी पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लूना आणली. ह. कु. फिरोदिया यांची ही कंपनी, कारखाना अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर). गंमत म्हणजे लूनाचं मूळही पिआजिओचंच, तिथल्या 'चाओ' नावाच्या मोपेडवरून ती बेतलेली. एकाच इटालियन घराण्यातली दोन भावंडं पुण्यात येऊन एक बाबांची झाली आणि एक आईची!

लूना म्हणजे इंजिन लावलेली सायकलच. ५० सीसी, गिअर नाहीत, क्लच आपोआप लागणारा, पेडल मारून सुरू करायची, पेट्रोल संपलं तर पेडल मारतच घरी यायचं. वजन इतकं कमी की दोन पायऱ्या चढवून वाड्यात घेता यायची. समोर मोकळी जागा, म्हणजे सहावारीची अडचण नाही. शिकायला एक दुपार पुरे, कारण सायकल येत असेल तर शिकायचं असं फारसं काही उरतच नाही. पुढे 'चल मेरी लूना' ही जाहिरात देशभर गाजली. पण त्याआधीच शिक्षिका, नर्सेस, बँकेतल्या आणि पोस्टातल्या बायका यांनी लूनाला आपलं म्हटलं होतं.

आईची शाळा तेव्हा कोथरूडला. सदाशिव पेठेतून निघून दोन बस बदलाव्या लागत. सकाळचा डबा, मला बालवाडीत सोडणं, शाळा, येताना मंडई. ती म्हणते, "लूनाने मला रोजचा सव्वा तास दिला. त्या सव्वा तासात मी एम.ए. केलं." माझ्या आईचं एम.ए. ही आमच्या घरात कौतुकाची गोष्ट. त्यामागे ५० सीसीचं इंजिन होतं हे मला माझ्या वयाच्या छत्तिसाव्या वर्षी कळलं.

सगळं गोडच होतं असंही नाही. रस्त्यात मुद्दाम कट मारणारे होते, सिग्नलला शेरे मारणारे होते. शेजारच्या आजोबांनी बाबांना विचारलं होतं, "सूनबाई गाडीवर जातात, तुमची काही हरकत नाही ना?" बाबांनी काय उत्तर दिलं ते आई सांगत नाही. बहुधा बाबांचीही थोडीशी हरकत असावी.

बटण दाबा आणि निघा

१९८४ मध्ये कायनेटिक आणि जपानच्या होंडाने मिळून कायनेटिक होंडा आणली. मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला बनायची. ९८ सीसी, बटण दाबलं की सुरू, आणि गिअर अजिबात नाहीत. बेल्ट आणि दोन पुल्या वेगाप्रमाणे आपोआप लहान-मोठ्या होतात, म्हणजे गिअर बदलायचं काम यंत्र स्वतःच करतं. होंडाला असल्या विचाराची सवय होती. १९५८ साली त्यांनी सुपर कब काढली ती सोबाच्या वाट्या पोचवणाऱ्या पोऱ्याला एका हाताने चालवता यावी म्हणून. त्या गाडीला क्लचची मूठच नव्हती. २०१७ पर्यंत तिचे दहा कोटी नग बनले. जी गाडी सगळ्यात अडलेल्या माणसाचा विचार करून बनते ती सगळ्यांनाच आवडते, हा धडा आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांनी भिंतीवर लिहून ठेवायला हवा.

किक गेली, तसं 'बायकांना जमत नाही' या वाक्याचं निम्मं कारण गेलं. मग १९९० च्या सुमारास बजाजची सनी आली, १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टीव्हीएसची स्कूटी आली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने पन्नास सीसीपर्यंतच्या गाडीसाठी वयाची अट सोळा ठेवली होती. त्यामुळे अकरावीच्या मुलीही लायसन्स काढू लागल्या. त्याच सुमारास कॉलेजात साडी मागे पडून पंजाबी ड्रेस आणि जीन्स रुळली. कपडे बदलले म्हणून गाडी आली की गाडी आली म्हणून कपडे बदलले, हे सांगणं कठीण आहे. दोन्ही हातात हात घालून आले एवढं खरं. ओढणीने संपूर्ण चेहरा बांधून फक्त डोळे उघडे ठेवणारी पुण्याची मुलगी तेव्हाचीच. धुळीपासून संरक्षण, उन्हापासून संरक्षण, आणि ओळखीच्या काकांपासूनही.

२००१ मध्ये अ‍ॅक्टिव्हा आली आणि एक मोठा बदल झाला. ती 'लेडीज गाडी' राहिली नाही. नवरा, बायको, मुलगा, मुलगी, सगळ्यांची एकच गाडी. २००० च्या दशकात चेतक बंद झाली, तेव्हा तिची जागा मोटरसायकलने घेतली असं सगळे म्हणत होते. प्रत्यक्षात घराघरांत ती जागा अ‍ॅक्टिव्हाने घेतली. आता तर चेतक २०२० पासून आणि लूना २०२४ पासून विजेवर धावायला लागल्या आहेत. किकही गेली आणि आवाजही गेला.

मोटरसायकल मात्र पुरुषाची

इथवर आल्यावर मला एक गोष्ट खटकली. हा सगळा प्रवास 'सोपी गाडी' बाईपर्यंत पोचवण्याचा आहे. हलकी, बिनगिअरची, कमी ताकदीची. मोटरसायकल मात्र या गोष्टीत कुठेच नाही. बुलेट लष्कराची आणि पोलिसांची, राजदूत गावाकडची, १९८५ ची हीरो होंडा ऑफिसला जाणाऱ्या गृहस्थाची. त्यांच्या जाहिरातींत बाई असलीच तर मागच्या सीटवर.

हे चित्र बदलायला सुरुवात झाली तीही पुण्यातूनच, याचा मला पुणेकर म्हणून रास्त अभिमान आहे. २०११ मध्ये उर्वशी पाटोळे आणि फिरदौस शेख यांनी पुण्यात 'बायकर्नी' हा मोटरसायकल चालवणाऱ्या महिलांचा गट सुरू केला, आणि त्याच वर्षी या गटातल्या मुली लडाखमधल्या खारदुंगलापर्यंत जाऊन आल्या. चाकणला बजाजच्या कारखान्यात डॉमिनारसारखी दणकट मोटरसायकल जोडणारी एक संपूर्ण लाइन महिलांनी चालवली आहे. माझ्या बायकोच्या गिरगावात गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी, नथ आणि फेटा अशा थाटात बुलेट चालवणाऱ्या मुली आता ठरलेल्याच. आणि २०२३ च्या मार्चमध्ये रमिला लतपटे ही पुण्याची मुलगी नऊवारी नेसून गेटवे ऑफ इंडियापासून मोटरसायकलवर जगप्रवासाला निघाली. पाहा, फिरून आपण परत नऊवारीवर आलो! काष्टा घातला की पाय दोन्ही बाजूंना टाकता येतात, हे आपल्या पणज्यांना माहीतच होतं.

आपल्या शेजारी सौदी अरेबियात तर बायकांना गाडी चालवायची परवानगीच २०१८ च्या जूनमध्ये मिळाली, आणि तेव्हा कारबरोबर मोटरसायकलचीही मिळाली. इथे एमिरेट्समध्ये असा प्रश्न नव्हता. इथे बाईला अडवणारा कायदा नाही. अडवतो तो मी. म्हणजे नवरा, त्याची काळजी आणि त्याची एक्सेल शीट.

वाळवंटातलं गणित

काळजी खोटी नाही, हेही सांगायला हवं. इथले हायवे बारा पदरी, वेग १२०, उजव्या बाजूने चालायची सवय नवी. शमाल सुटला की राउंडअबाउटवर वाळूचा पातळ थर बसतो, आणि वळणावर त्या वाळूवर ब्रेक दाबला की चाक सरकतं. जून ते सप्टेंबर पंचेचाळीस डिग्रीत जॅकेट-हेल्मेट घालून सिग्नलला उभं राहणं म्हणजे भट्टीच. आणि रस्त्याकडेला आडवी पडलेली डिलिव्हरी बाइक बघितली की पोटात गोळा येतो.

घोटा बरा झाल्यावर हिने ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मोटरसायकलसाठी नाव घातलं. आपलं भारतातलं 'आठचा आकडा काढला की झालं' तसं नाही. थिअरी, यार्ड, रस्ता, सगळ्या परीक्षा वेगवेगळ्या. वर्गात ही एकटीच बाई, बाकी बहुतेक डिलिव्हरीचं काम करायला आलेली पोरं. नेपाळची, पाकिस्तानची, आपल्या उत्तर प्रदेशातली. मला वाटलं होतं, तिला अवघडल्यासारखं होईल. झालं उलटंच. पहिल्या दिवशी ती सारखी पुढच्या चाकाकडे बघत होती आणि गाडी डगमगत होती. तेव्हा एक पोरगा म्हणाला, "दीदी, नीचे मत देखो. जहाँ जाना है, उधर देखो." तिच्या मते अख्ख्या कोर्समधलं हे सगळ्यात कामाचं वाक्य. पहिल्या वेळी यार्डमध्ये ती नापास झाली, दुसऱ्या वेळी पास. तो पोरगाही दुसऱ्याच वेळी पास झाला. त्याला तर फी पगारातून कापून द्यायची होती. एका नापासाची किंमत त्याच्या घरी किती होती ते ती मला सांगत होती, तेव्हा माझ्या काळजीची मला थोडी लाजच वाटली.

मग गाडी. या वेळी शीट नाही. मी फक्त बरोबर जायचं आणि गप्प बसायचं, अशी अट होती. ती स्वतःचे बूट घालून एकेका गाडीवर बसत गेली. आम्ही जे शिकलो ते थोडक्यात सांगतो, कुणाच्या घरी हा विषय निघाला तर उपयोगी पडेल. आधी सीटची उंची, मग वजन, मग ते वजन किती खाली आहे. नव्या माणसाची गाडी वेगात कमी पडते, उभी असताना जास्त पडते. दोन्ही पाय जमिनीला नीट टेकले की निम्मी भीती जाते. एबीएस हवंच. ताकद हळूहळू येणारी हवी, मूठ जराशी फिरली की उसळी मारणारी नको. आणि हेल्मेट, हवा खेळणारं जॅकेट, ग्लोव्ह्ज, घोटा झाकणारे बूट यांचे पैसे गाडीच्या आधी बाजूला काढायचे. पुण्याहून आलेल्या माणसाला हेल्मेटचं महत्त्व सांगणं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, तो मी टाळतो.

शेवटी दोन गाड्या उरल्या. होंडाची रिबेल ५००, सीट फक्त ६९० मिलिमीटर. आणि रॉयल एनफिल्डची मिटिऑर ३५०, सीट ७६५ मिलिमीटर, वजन १९१ किलो. माझं मत रिबेलला. सीट खाली, ताकद दुप्पट, हायवेवर कमी पडणार नाही. मी अट मोडून तसं बोललोही. ती म्हणाली, "पण मला पहिलं वर्षभर हायवेवर जायचंच नाहीये. हे तू मला विचारलंस का?"

नाही विचारलं. क्लायंटला रिक्वायरमेंट न विचारता सोल्यूशन देऊ नये, हे मी ज्युनिअर मुलांना दर सहा महिन्यांनी शिकवतो. मिटिऑरवर तिचे दोन्ही पाय पुरेसे टेकत होते, हँडल हातात येत होतं, ताकद तिला झेपेल अशी होती. "आणि ही आपल्याकडची आहे, चेन्नईची," हे तिचं शेवटचं कारण. मिटिऑर ठरली. माझी उंच, ऐटबाज गाडी विकून टाकली. थोडं नुकसान झालं, ते मी माझ्या शिक्षणाच्या खात्यावर लिहिलं आहे.

किती देते?

एका शनिवारी पहाटे, रस्ते रिकामे असताना, ती पहिल्यांदा एकटी बाहेर पडली. आमच्या कम्युनिटीतून निघून आतल्या रस्त्यांनी कॅफेटेरियापर्यंत, कडक चहा, आणि परत. जेमतेम आठ किलोमीटर. मी बेसमेंटच्या रॅम्पपाशी उभा होतो. नातूर म्हणाला, "साब, आप बैठ जाइये." मी बसलो नाही. आई पहिल्यांदा लूना घेऊन शाळेत गेली तेव्हा बाबा वाड्याच्या दारात किती वेळ उभे होते, हे आता त्यांना विचारता येत नाही.

पस्तीस मिनिटांनी हेडलाइट दिसला. ती आली, गाडी सरळ थांबवली, दोन्ही पाय टेकले, स्टँड लावला, मगच हेल्मेट काढलं. घाम, विस्कटलेले केस, आणि चेहऱ्यावर जे होतं ते मी यापूर्वी तिच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नव्हतं.

वर आल्याबरोबर पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. आईने आधी गाडी दाखवायला लावली, म्हणजे परत खाली जावं लागलं. पुढून, मागून, बाजूने सगळीकडून पाहून झाल्यावर तिने विचारलं, "रिझर्व्हचा कॉक कुठे आहे गं?"

"आता रिझर्व्ह नसतो, आई. दिवा लागतो."

"असं होय." आई थोडा वेळ गाडीकडे बघत राहिली. मग एका लूनावालीने दुसऱ्या गाडीवालीला विचारावा तो, आपल्या देशातला शाश्वत प्रश्न तिने विचारला. "किती देते?"

"अजून टाकी संपली नाही, आई. संपली की सांगते."

"सांग. आणि येशील तेव्हा इथे अ‍ॅक्टिव्हा आहे माझी. तू चालव, मी मागे बसते."